विद्यापीठाच्या वाटेवरील शेवटचा टप्पा : दिल्लीतील विद्यार्थ्यांचा प्रवास आणि समाधानाचे मोजमाप

विद्यापीठाच्या गुणवत्तेचा विचार करताना अध्यापकवर्ग, ग्रंथालये, प्रयोगशाळा, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांची चर्चा होते. विद्यार्थी तेथपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न मात्र बहुधा वाहतूक खात्याचा म्हणून बाजूला ठेवला जातो. दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी प्रदेशात दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू), जामिया मिल्लिया इस्लामिया आणि आयआयटी यांसारख्या संस्था आहेत. नोएडा, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद व सोनीपत येथे खासगी विद्यापीठांचा मोठा विस्तार झाला आहे. वसतिगृहांतील जागा मर्यादित असल्याने यांतील फार मोठा विद्यार्थिवर्ग रोज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ये-जा करतो. या प्रवासाबद्दल तो समाधानी आहे काय, हा प्रश्न वरकरणी सोयी-गैरसोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो शैक्षणिक संधीच्या समानतेशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेतला आहे.

समाधान म्हणजे काय?

ग्राहकाचे समाधान ही संकल्पना व्यवस्थापनशास्त्रातून आली आहे. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार समाधान हे सेवेच्या निव्वळ दर्जावर ठरत नाही; अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतरावर ते ठरते. पुढे १९८८ मध्ये पारसुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या अभ्यासकांनी सेवेचा दर्जा मोजण्यासाठी पाच निकष निश्चित केले : भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि आपुलकी. बसमधील आसने किती स्वच्छ आहेत, हा पहिला निकष झाला. बस ठरलेल्या वेळी येते काय, हा दुसरा. तक्रारीची दखल किती लवकर घेतली जाते, प्रवासात निर्धास्त वाटते काय आणि अपंग किंवा नवख्या विद्यार्थ्याची गरज ओळखली जाते काय, हे उरलेले तीन.

विद्यार्थ्यांच्या प्रवासाला हे निकष लावताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी, की हा प्रवास एका वाहनाचा नसतो. घरापासून थांब्यापर्यंत, थांब्यापासून मेट्रो स्थानकापर्यंत, मेट्रोने महाविद्यालयाच्या जवळच्या स्थानकापर्यंत आणि तेथून फाटकापर्यंत असे त्याचे चार-पाच टप्पे असतात. यांपैकी जो टप्पा सर्वांत गैरसोयीचा, त्यावरूनच विद्यार्थी संपूर्ण प्रवासाचा निवाडा करतो. दुसरी गोष्ट अशी, की ज्याने गैरसोयीमुळे तो प्रवासच टाळला, त्याचे मत कोणत्याही पाहणीत नोंदले जात नाही. पाहणी करणारा बसमध्ये बसलेल्यांना प्रश्न विचारतो. बसमध्ये न बसलेल्यांना विचारत नाही. या दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

मेट्रोने काय साधले?

दिल्ली मेट्रोचा शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २००४ मध्ये, विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट हा भुयारी मार्ग खुला झाला आणि दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर मेट्रोच्या नकाशावर आला. २०१८ हे वर्ष विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मार्चमध्ये गुलाबी मार्गिकेवर दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पस स्थानक, तर मे महिन्यात किरमिजी मार्गिकेवर आयआयटी आणि मुनिरका ही स्थानके सुरू झाली; याच मार्गिकेवरील जामिया मिल्लिया इस्लामिया स्थानक त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले होते. जानेवारी २०१९ मध्ये नोएडा-ग्रेटर नोएडा मार्गिका सुरू झाल्याने तेथील नॉलेज पार्क भागातील महाविद्यालये जोडली गेली. ऑक्टोबर २०१० पासून प्रत्येक गाडीचा पहिला डबा महिलांसाठी राखीव आहे.

वर उल्लेखिलेल्या पाच निकषांपैकी भौतिक सुविधा आणि विश्वासार्हता या दोन निकषांवर मेट्रोने विद्यार्थ्यांच्या अपेक्षाच बदलून टाकल्या. गाडी काही मिनिटांत येणार, ती वातानुकूलित असणार आणि पोहोचण्याची वेळ आधीच सांगता येणार, हे गृहीत धरले जाऊ लागले. ऑलिव्हर यांच्या विवेचनाचा प्रत्यय येथेच येतो. मुख्य प्रवास सुधारल्यामुळे अपेक्षा वाढल्या, आणि स्थानकाबाहेर पडल्यानंतरचा दीड-दोन किलोमीटरचा टप्पा पूर्वीपेक्षा अधिक खुपू लागला.

शेवटच्या टप्प्याचे अर्थकारण

विश्वविद्यालय स्थानकाबाहेर विद्यार्थ्यांची ने-आण प्रामुख्याने सायकल रिक्षा आणि ई-रिक्षा करतात. या दोन्ही वाहनांना कायद्याचे संरक्षण उशिराच मिळाले. दिल्ली महानगरपालिकेने सायकल रिक्षांच्या परवान्यांवर घातलेली ९९,००० ची मर्यादा दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये रद्द ठरवली. ई-रिक्षांवर याच न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये बंदी घातली होती. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्यांना अधिकृत स्थान देण्यात आले. तात्पर्य, ज्या वाहनांवर विद्यापीठाची रोजची ये-जा अवलंबून आहे, ती नियोजनातून आलेली नाहीत. गरजेपोटी ती रस्त्यावर आली आणि नियम त्यांच्या मागोमाग आले.

जेएनयूची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. हा परिसर सुमारे हजार एकरांचा आणि टेकड्यांचा आहे. मुनिरका स्थानक परिसराच्या बाहेर असल्याने मेट्रोतून उतरल्यावरही वसतिगृह किंवा अध्ययन केंद्र गाठण्यासाठी आणखी एक वाहन लागते. म्हणूनच परिसराच्या आत शिरून पूर्वांचल वसतिगृहापर्यंत जाणाऱ्या ६१५ क्रमांकाच्या बसला तेथील विद्यार्थ्यांच्या जीवनात वेगळेच स्थान आहे. ग्रेटर नोएडा आणि सोनीपत येथील खासगी विद्यापीठे शहरापासून दूर असल्याने त्यांपैकी अनेकांना स्वतःच्या बसगाड्या चालवाव्या लागतात; सोनीपतकडील काही विद्यापीठांच्या बस जहांगीरपुरी मेट्रो स्थानकापर्यंत येतात. अशी बस चुकली, की पर्याय उरतो तो अ‍ॅपवरील टॅक्सीचा. त्यातही दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांच्या परवान्यांच्या सीमा आडव्या येतात.

अ‍ॅपवरील टॅक्सी : सोय आणि तिची किंमत

मोबाइल अ‍ॅपवरून टॅक्सी मागवण्याची सेवा दिल्लीत २०१३-१४ च्या सुमारास रुळली. ती विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय होण्याची कारणे स्पष्ट आहेत. भाडे आधी कळते, घासाघीस करावी लागत नाही, वाहनाचा मार्ग घरच्यांना पाहता येतो आणि तिघे-चौघे मिळून भाडे वाटून घेतात. एकाच दिशेच्या अनोळखी प्रवाशांना एकत्र बसवणारी शेअर टॅक्सी तर विद्यार्थ्यांच्या खिशाला विशेष परवडणारी होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ती थांबवण्यात आली आणि स्वस्त पर्यायाची सवय त्यामुळे खंडित झाली.

या सेवेबाबत विद्यार्थ्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात : चालक फेरी रद्द करतो आणि गर्दीच्या वेळी भाडे वाढते. दोहोंमागे अर्थशास्त्रीय कारण आहे. प्रवाशाला घेण्यासाठी चालकाला रिकामे वाहन न्यावे लागते. या रिकाम्या धावेचा खर्च लांबच्या फेरीत भरून निघतो. दीड किलोमीटरच्या फेरीत निघत नाही. म्हणून स्थानक ते महाविद्यालय ही फेरी चालकाला नकोशी वाटते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा खर्च भरून काढण्यासाठी किमान तीन किलोमीटरचे मूळ भाडे आकारण्याची मुभा आहे. चालकाच्या दृष्टीने ते न्याय्य असले, तरी दीड किलोमीटरसाठी तीन किलोमीटरचे पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला ते महागच पडते. वर्ग सुरू होण्याची वेळ हीच कार्यालये सुरू होण्याची वेळ असल्याने वाढीव भाड्याचा भारही त्याच्यावर येतो.

परीक्षार्थींनी या सेवेची कायदेशीर चौकट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल. २०१९ च्या मोटार वाहन (दुरुस्ती) कायद्याने ‘अ‍ॅग्रिगेटर’ म्हणजे प्रवासी आणि चालक यांना डिजिटल माध्यमातून जोडणारा मध्यस्थ, अशी व्याख्या करून त्याच्यावर परवान्याचे बंधन घातले. नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाढीव भाड्यावर मूळ भाड्याच्या दीडपट अशी मर्यादा घातली आणि शेअर प्रवासात महिलांना केवळ महिला सहप्रवासी निवडण्याचा पर्याय देण्यास सांगितले. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित तत्त्वांनी वाढीव भाड्याची मर्यादा मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेली. सबळ कारणाशिवाय फेरी रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के, पण कमाल १०० रुपये दंडाची तरतूदही त्यांत आहे. वाहतुकीच्या परवान्यांचे अधिकार राज्यांकडे असल्याने या तत्त्वांची अंमलबजावणी राज्यांनी ती स्वीकारण्यावर अवलंबून असते. दिल्ली सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःची अ‍ॅग्रिगेटर योजना अधिसूचित केली असून बाइक टॅक्सी विजेवर चालणाऱ्याच असाव्यात, अशी अट तीत घातली आहे.

सहकारी तत्त्वावरील पर्यायही पुढे येत आहे. अनेक सहकारी संस्थांनी मिळून २०२५ मध्ये स्थापन केलेल्या बहुराज्य सहकारी संस्थेने ‘भारत टॅक्सी’ ही सेवा त्या वर्षाच्या अखेरीस दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. चालकाला सभासद करून मध्यस्थाचा वाटा कमी करणे हा तिचा उद्देश आहे. चालकाचे उत्पन्न स्थिर झाल्यास फेऱ्या रद्द होण्याचे प्रमाण घटेल काय, हे अनुभवाने कळेल.

सुरक्षितता : न दिसणारी किंमत

आतापर्यंत वेळ आणि पैसा यांचा विचार झाला. विद्यार्थिनींच्या बाबतीत तिसरा आणि निर्णायक घटक सुरक्षिततेचा आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी घरी परतण्यासाठी मुनिरका येथून ज्या खासगी बसमध्ये चढली, ती बस अशी प्रवासी वाहतूक करण्यास अधिकृत नव्हती. त्या अमानुष घटनेनंतर देशभर उमटलेला संताप, न्यायमूर्ती वर्मा समितीचा जानेवारी २०१३ मधील अहवाल आणि २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी सर्वांना ज्ञात आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपवरील टॅक्सीत एका महिलेवर झालेल्या अत्याचारानंतर चालकांच्या पूर्वेतिहासाच्या पडताळणीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचे करण्यात आले. मात्र दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना या सक्तीतून वगळण्यात आले. म्हणजे ज्या शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थिनी सर्वाधिक एकट्या असतात, त्याच टप्प्यावरील वाहने या तरतुदीच्या बाहेर राहिली.

असुरक्षिततेची शैक्षणिक किंमत किती, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांच्या दिल्ली विद्यापीठावरील अभ्यासात मिळते. त्यांनी सुमारे ४,००० विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्या काळी प्रवेश बारावीच्या गुणांवर आणि महाविद्यालयांनी जाहीर केलेल्या किमान गुणमर्यादेवर होत असत; सामायिक प्रवेश परीक्षा २०२२ मध्ये आली. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला कोणकोणत्या महाविद्यालयांत प्रवेश मिळू शकला असता आणि त्याने प्रत्यक्षात कोणते निवडले, याची तुलना शक्य झाली. प्रत्येक पर्यायी महाविद्यालयापर्यंतचे मार्ग नकाशावर आखून त्यांना सुरक्षिततेच्या माहितीची जोड देण्यात आली. निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. लक्षणीयरीत्या अधिक सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी विद्यार्थिनी सर्वोत्तम २० टक्क्यांतील महाविद्यालय सोडून गुणवत्तेच्या खालच्या निम्म्या भागातील महाविद्यालय स्वीकारण्यास तयार होत्या. तेवढ्याच सुरक्षिततेसाठी वर्षाकाठी जो जादा खर्च करण्याची त्यांची तयारी होती, तो सरासरी वार्षिक महाविद्यालयीन शुल्काच्या जवळजवळ दुप्पट होता.

सुरुवातीला मांडलेला मुद्दा येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. उत्तम महाविद्यालय सोडून घराजवळच्या साधारण महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी आपल्या रोजच्या छोट्या प्रवासाबद्दल समाधानी असल्याचेच पाहणीत सांगेल. तिने काय गमावले, ते त्या उत्तरात दिसणार नाही. समाधानाची टक्केवारी वाढली म्हणजे वाहतूक सुधारली, असा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

भाड्याचा भार

ऑगस्ट २०२५ च्या भाडेवाढीनंतर दिल्ली मेट्रोत १२ ते २१ किलोमीटरच्या प्रवासाला ४३ रुपये पडतात. स्मार्ट कार्डावरील १० टक्के सवलत धरली आणि महिन्यात २२ दिवस ये-जा मानली, तर हा खर्च सुमारे १,७०० रुपये होतो. शेवटच्या टप्प्यासाठी शेअर ई-रिक्षाचे रोज २० रुपये धरले, तर आणखी ४४० रुपयांची भर पडते. याउलट दिल्ली परिवहन निगमचा विद्यार्थी पास साध्या बससाठी दीर्घकाळ महिना १०० रुपयांना मिळत आला आहे. बस स्वस्त पण वेळेची शाश्वती नाही आणि मेट्रो वेळेवर पण महाग, अशा कोंडीत अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी सापडतो.

विद्यार्थी म्हणून वेगळी भाडेसवलत दिल्ली मेट्रोत नाही. महाराष्ट्रातील अनुभव येथे उपयुक्त आहे. पुणे आणि नागपूर मेट्रोने विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत दिली आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते, आणि अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना एस. टी. चा पास मोफत मिळतो. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली देण्यात आल्या. त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आढळले. प्रवासावरील अनुदान हा शिक्षणावरील खर्च मानता येतो, याची ही उदाहरणे होत.

दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना सार्वजनिक बसमध्ये मोफत प्रवास सुरू झाला. २०२५ मध्ये या सवलतीसाठी स्मार्ट कार्डाची पद्धत जाहीर करताना ती दिल्लीच्या रहिवासी महिलांपुरती ठेवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. आर्थिक शिस्तीच्या दृष्टीने त्याला समर्थन असू शकते. परंतु विदर्भातून, ईशान्य भारतातून वा बिहारमधून शिकण्यासाठी आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थिनीकडे दिल्लीच्या रहिवासाचा पुरावा नसतो, याचाही विचार व्हायला हवा.

पुढील दिशा

अलीकडच्या काळात काही स्वागतार्ह पावले पडली आहेत. मे २०२५ मध्ये दिल्लीत नऊ मीटर लांबीच्या ‘देवी’ विद्युत बस कमी अंतराच्या मार्गांवर धावू लागल्या. अनेक दशके विद्यार्थ्यांच्या आठवणींचा भाग असलेली आणि कालांतराने क्षीण होत थांबलेली ‘यू-स्पेशल’ बससेवा ऑगस्ट २०२५ मध्ये २५ वातानुकूलित विद्युत बसनिशी पुन्हा सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली मेट्रोने आपल्या अ‍ॅपवर महिलांसाठी महिला चालकांची बाइक टॅक्सी उपलब्ध केली. या प्रयत्नांना पुढील उपायांची जोड द्यावी लागेल.

• विद्यापीठांनी वर्षातून एकदा प्रवास-पाहणी करावी. तीत सायंकाळी सहानंतरचा प्रवास स्वतंत्रपणे नोंदवावा आणि ‘वाहतुकीच्या अडचणीमुळे कोणते महाविद्यालय, अभ्यासक्रम, ग्रंथालय वा कार्यक्रम सोडावा लागला?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

• मेट्रो, बस आणि शेवटच्या टप्प्यातील वाहन यांसाठी एकच विद्यार्थी पास असावा आणि त्याची पात्रता रहिवासाऐवजी विद्यापीठाच्या ओळखपत्रावर ठरावी.

• महाविद्यालयांलगतच्या मेट्रो स्थानकांबाहेर निश्चित भाड्याचे, प्रकाशमान शेअर रिक्षा थांबे असावेत. तेथील चालकांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे दिल्यास स्थाननिदर्शक यंत्राची उणीव अंशतः भरून निघेल.

• ग्रंथालय बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या बसची वेळ यांची सांगड घालावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ४१ नुसार वाहतुकीची सुगम्यता हे शासनाचे कर्तव्य आहे. परिसरातील वाहनेही त्या कसोटीस उतरावीत.

• अ‍ॅग्रिगेटर परवाना देताना फेऱ्या रद्द होण्याचे स्थानकनिहाय प्रमाण जाहीर करण्याची अट घालावी.

समारोप

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. विद्यापीठीय शहराच्या बाबतीत हे तत्त्व आणखी एक पाऊल पुढे न्यावे लागेल. रस्ता किती वाहनांनी व्यापला किंवा मेट्रोने किती प्रवासी वाहिले, या आकड्यांबरोबरच विद्यार्थ्याने आपल्या गुणांना साजेशी संस्था निवडली काय, हेही वाहतूक व्यवस्थेच्या यशाचे माप मानले पाहिजे. सार्वजनिक सेवा जेथे संपते तेथे अ‍ॅपवरील टॅक्सी आणि ई-रिक्षा सुरू होतात. त्यांचे भाडे ज्याला परवडते त्याच्यासाठी हा टप्पा किरकोळ असतो, इतरांसाठी तोच अडसर ठरतो. सार्वजनिक निधीतून उभारलेल्या उत्तम महाविद्यालयाचे दार गुणवत्तेच्या बळावर उघडत असेल, तर त्या दारापर्यंतची शेवटची दोन किलोमीटर वाट सुरक्षित आणि परवडणारी करणे ही उच्च शिक्षणाच्या नियोजनाचीच जबाबदारी होय.